गेनझोची माणसं

एका वर्षात माझ्याकडे मंडळाचे तीन टी-शर्ट जमा झाले. एक केशरी, एक जांभळा, एक निळा. पाठीवर 'स्वयंसेवक' असं छापलेलं आणि छातीवर मंडळाचं बोधचिन्ह, तेही तिन्ही वेळा वेगळं. आमच्या अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या मराठी मंडळाला त्या वर्षी तीन अध्यक्ष मिळाले आणि प्रत्येकाने आल्या आल्या पहिलं काम काय केलं असेल तर टी-शर्टचा रंग बदलला. मी तिघांच्याही हाताखाली राबले. खुर्च्या मांडल्या, पार्किंगमध्ये उभी राहिले, उरलेला मसालेभात डब्यांत भरला. सगळं एका नाटकासाठी.

नाटक गेनझोचं होतं. गेनझो नावाचा सामुराई कधी होऊन गेला नाही, तो मी रचला. पण तो ज्या काळातला, तो काळ खरा. जपानात सरदार एकमेकांच्या उरावर बसत होते, आज याचा किल्ला, उद्या त्याचा. सामुराई म्हणजे एकाच धन्यासाठी जीव देणारा, असं आपल्याला वाटतं. त्या धामधुमीत मात्र धनी बदलणं ही नेहमीची गोष्ट होती. धनी मरायचे, पळून जायचे, हरायचे. हाताखालच्या माणसाला पोट असायचं, तो दुसरा धनी बघायचा.

हे वाचलं तेव्हा मला आमचा विनयच आठवला. माझा नवरा. त्याच्या कंपनीत दोन वर्षांत चार साहेब झाले आणि प्रत्येकाने नव्या टीमच्या नावाचा हुडी वाटला. कपाटात हुडी मावेनात. एकदा वैतागून म्हणाला, "नव्या बॉसला वाटतं मी जुन्याचा माणूस. जुन्याला वाटतं मी पार्टी बदलली. मी काहीच केलं नाही यार, त्याच खुर्चीत बसलोय!"

गेनझो तिथून सुरू झाला. गरीब घरातला, भाला बरा धरणारा तरुण. त्या काळी लढाईत पाठीला काठी बांधून त्यावर धन्याच्या चिन्हाचं निशाण लावत. पहिला धनी किल्ला पडायच्या वेळी मागच्या दाराने निसटतो, गेनझोला न सांगता. किल्ला जिंकणारा गेनझोला ठेवून घेतो. त्याला त्याचाच भाऊ मारतो, मग तो भाऊ धनी. त्यालाही कोणी तरी बुडवतं. दर वेळी गेनझो बसून जुनं चिन्ह उसवतो, नवं शिवतो, आणि दर वेळी नव्या धन्याला एकच अट घालतो: "माझे पाच भालाईत माझ्याचकडे राहतील." लढाई संपली की तो नावं पुकारतो. तोसाकु. गोहेई. इसुके. जिन्पाची. माताझो. एकेक जण ओरडतो, "आहे!"

शेवटच्या प्रवेशात गेनझो म्हातारा झालाय. चौथा धनी रेशमी कपड्यातला, लढाई न पाहिलेला. तो भर दरबारात हसत विचारतो, "एवढे धनी केलेस. तुझ्या इमानाचा भरवसा काय?" गेनझो उत्तर देत नाही. तो मागे वळतो आणि नावं पुकारतो. पाचही म्हातारे झालेले, पण पाचही उत्तर देतात. मग तो म्हणतो, "मी धनी बदलले. माणसं नाही." पडदा.

लिहून झाल्यावर मला स्वतःवर जाम खूश व्हायला झालं. आता गेनझो हवा होता, आणि तो मला श्रीरंगकाकांच्या रूपाने मिळाला.

श्रीरंगकाका म्हणजे आमच्या गल्लीत राहणाऱ्या इंजिनिअरचे वडील. नागपूरला वीज मंडळात नोकरी केली आणि संध्याकाळी एका हौशी नाट्यसंस्थेत प्रॉम्प्टर म्हणून काम. आयुष्यभर विंगेत, हातात संहिता धरून, नटाला अडकलेलं वाक्य हळूच पुरवायचं. काकू गेल्यावर मुलाने इकडे आणलं होतं, पण त्यांचा जीव रमत नव्हता. दिवाळीनंतर कायमचं नागपूरला परत जायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. मुलगा रागावला, सून रडली, काकांनी तिकीट काढलं.

मी त्यांना विचारलं ते प्रॉम्प्टिंगसाठी. ते म्हणाले, "शैलजा, एक मागू का? मला काम दे न. स्टेजवरचं."

"तुम्ही कधी केलंय काम?"

"नाही न. नट आजारी पडायचे, दारू पिऊन यायचे, एक तर लग्नाच्या मुहूर्तावर पळाला. दर वेळी दुसऱ्याला ढकलला त्याच्या जागी. मी गेलो असतो तर मागून सांगायला कोण होतं?" ते हसले. "एकदा समोर उभं राहून पाहायचं आहे. तिथून लोक कसे दिसतात, तेवढंच."

त्यांनी आमच्या गॅरेजमध्ये गेनझोचा शेवटचा प्रवेश वाचला आणि मी विनयच्या बाह्या ओढून त्याला आत आणलं, हे ऐक म्हणून. काका काही न करता, नुसते वळून नावं घ्यायचे. मला तेव्हाच कळलं की हा प्रवेश यांनीच करायचा, दिवाळीच्या आत करायचा. बाकी नाटकाचं काहीही होवो.

बाकी नाटकाचं काहीही होवो, असं आपण मनात म्हणतो, आणि मग ते खरंच होतं.

पहिले सरदार शैलेंद्र. केशरी टी-शर्ट. माणूस उत्साही, जेवढा उत्साही तेवढा घाईचा. "गणपतीत करू! पन्नास मिनिटं देतो," म्हणाला. दुसऱ्या दिवशी फोन. "शैलजा, जपानी कशाला पण? मावळा कर ना त्याला. लोक कनेक्ट होतील."

"मावळ्याने चार धनी बदलले असं दाखवू? चालेल तुला?"

तो दचकलाच. "नको नको. जपानीच राहू दे. पण सुरुवातीला तुतारी टाक."

मी तुतारी टाकली. जपानी किल्ला, धुकं, आणि मागून तुतारी. मला लाज वाटत होती, पण पन्नास मिनिटं मिळत होती.

पाच भालाईत जमले. कृष्णा, मूळचा मुंबईचा, इथे विनयच्याच कंपनीत टेस्टिंग करणारा, आवाज असा की गॅरेजचं दार थरथरायचं. नैना आणि मिहीर हे नवरा-बायको, नुकतेच पुण्याहून आलेले. सुलेखा, माझी जुनी मैत्रीण. आणि सुलेखाचा मुलगा ऋषी.

ऋषी इथेच जन्मलेला, सव्वीस वर्षांचा, ॲम्ब्युलन्सवर पॅरामेडिक. मराठी समजायचं, बोलायचा नाही. आई ओढून घेऊन आली होती. मी त्याला माताझो दिला, सगळ्यात शेवटचं नाव, कारण त्याला एकच शब्द होता. तो म्हणाला, "शैलजामावशी, आय कॅन डू मोअर." मग मी त्याला दोन वाक्यं दिली. ती त्याने रोमन लिपीत लिहून घेतली आणि आठवडाभर घोकून आला. 'धनी'ला 'दनी' म्हणायचा. काकांनी त्याला बाजूला घेतलं, त्याच्या तोंडासमोर तळहात धरायला लावला आणि सांगितलं, 'ध' म्हणताना हाताला वारा लागला पाहिजे. तो पठ्ठ्या तासभर स्वतःच्या हातावर फुंकत बसला. आणि त्याचा तो "आहे!" असा यायचा की अंगावर काटा. बाकीचे नाटकात होते, हा खरंच कोणाला तरी आपण जिवंत असल्याचं सांगत होता.

मग जूनमध्ये शैलेंद्रची नोकरी गेली. तीन आठवड्यांत फ्रिस्कोत दुसरी मिळाली, घर विकलं, निरोपाच्या पार्टीत रडला आणि टेक्सासला गेला. त्याला काय बोलणार? ग्रुपवर शेवटचा मेसेज टाकला, 'प्ले जरूर करा गाइज', आणि ग्रुप सोडला.

उपाध्यक्षा होती हिमानी. ती आता अध्यक्ष. जांभळा टी-शर्ट.

"शैलजा, लव्ह युअर प्ले यार, पण पन्नास मिनिटं? मला फॅशन शो आहे, पैठणीचा. लहान मुलांचे सात डान्स आहेत. एकाही मुलाला नाही म्हटलं तर त्याची आई मला ग्रोसरी स्टोअरमध्ये गाठते. पंचवीस कर. आणि स्टेजवर गर्दी नको. दोन सोल्जर्स पुरे की. हे मिहीर-नैना तर दोन महिन्यांपूर्वी आलेत, ओल्ड मेंबर्स आधी. आणि तो सुलेखाचा मुलगा, स्वीट आहे, पण त्याचे उच्चार! लोक हसतील."

मी भांडले. खरंच भांडले. पाच माणसं हाच नाटकाचा अर्थ आहे, असं मी तिला दोनदा समजावून सांगितलं. ती मान डोलवत फोनवर फुलांच्या माळांचे फोटो बघत होती. शेवटी म्हणाली, "मग नेक्स्ट इयर करू या का?"

नेक्स्ट इयर काका इथे नसणार होते. मी हो म्हटलं. नाटक तर होईल, शेवटचा प्रवेश तर काका करतील.

मिहीर आणि नैनाला घरी चहाला बोलावून सांगितलं. ऋषीची ड्युटी कधी असेल याचा नेम नाही, म्हणून मी त्याला व्हॉट्सॲपवर मेसेज केला. मोठा, गोड, तीन इमोजी घातलेला. त्याचं उत्तर लगेच आलं. "नो वरीज, मावशी." अंगठा. त्यानंतर तो गॅरेजकडे फिरकला नाही. मी बोलावलं तर "शिफ्ट आहे." बऱ्याच दिवसांनी सुलेखा एवढंच म्हणाली की तो ॲम्ब्युलन्समध्ये त्याच्या पार्टनरकडून नावं पुकारून घ्यायचा, पेशंटला सोडून परत येताना. त्याचा पार्टनर कुठला तरी केंटकीचा गोरा. त्यालाही पाचही नावं पाठ झाली होती.

काकांनी तालमीत नावं घेताना माताझो म्हटलं आणि थांबले. नेहमीएवढेच थांबले, उत्तर येईल एवढा वेळ. गॅरेजमध्ये फ्रीजची घरघर तेवढी.

"काका, ते नाव गाळायचंय आता," मी म्हटलं.

"हो. विसरलो." काका कधीच काही विसरत नसत.

गणपतीला दहा दिवस असताना हिमानीचं केटररवरून कमिटीशी वाजलं. तिचा माणूस की कोषाध्यक्षांचा माणूस, उकडीचे मोदक की तळणीचे, असं करता करता प्रकरण इतकं चिघळलं की तिने राजीनामा दिला, तीस कुटुंबं बरोबर घेतली आणि नवं मंडळ काढलं. आमच्याकडे गणपतीची आरती झाली, प्रसाद झाला आणि कार्यक्रम रद्द. पैठण्या तिच्या मंडळात गेल्या. माझं नाटक इकडेच राहिलं, कारण मी राहिले. मला दोन्हीकडून फोन येत होते. हिमानी म्हणत होती ये इकडे, इकडचे म्हणत होते तू तिची माणूस आहेस का. मला कोणाच्याही कानाखाली काढावीशी वाटत होती.

तिसरे सरदार परीक्षित. कंपनीत डिरेक्टर, आवाज खर्जातला, दात पांढरेशुभ्र. निळा टी-शर्ट. त्याने सगळा कार्यक्रम स्प्रेडशीटवर मांडला आणि मला व्हिडिओ कॉलवर घेतलं.

"दिवाळी. तुला आठ मिनिटं देतो."

"आठ?"

"हायलाइट दाखव. तो लास्ट सीन. ॲक्च्युअली, इट्स पॉवरफुल. एकच माणूस, एक स्पॉटलाइट, मोनोलॉग. बाकी सोल्जर्स वगैरे लोक इमॅजिन करतील."

म्हणजे कृष्णा आणि सुलेखाही गेले. मी दात खाऊन म्हटलं, "ठीक आहे. काका आठ मिनिटं करतील."

त्याने घसा खाकरला. "त्याबद्दलच बोलायचं होतं. सामुराई म्हणजे जरा फिजीक हवं ना? मी ऑनलाइन एक आर्मर बघितलंय. कॉलेजमध्ये मी एकांकिका केल्यात. काका ऐंशीला आलेत, पडले-बिडले तर लायबिलिटी इश्यू होतो. मी करतो."

मी त्याला काय काय बोलले ते इथे सांगत नाही. विनयने खोलीचं दार लावून घेतलं एवढं आठवतं. परीक्षित शांतपणे ऐकून म्हणाला, "इट्स ओके, शैलजा. नसेल जमत तर त्या स्लॉटमध्ये अंताक्षरी घेऊ."

मी काकांकडे गेले ते नाटक मागे घेतलं असं सांगायला. दारातच रडू फुटलं, रागाचं. काका अंगणात पाचोळा गोळा करत होते. त्यांनी सगळं ऐकलं. हातातलं दाताळं झाडाला टेकवलं. चेहरा असा उतरला की मला बघवेना.

मग म्हणाले, "करू दे त्याला. नावं पाठ होतात का त्याची?"

"काका, तुम्ही प्लीज..."

"नाही होणार. जपानी नावं आहेत, साखळी लागत नाही. मी उभा राहतो विंगेत." ते पुन्हा दाताळं घेऊन कामाला लागले. "आपलं नाटक आहे न. पडू नये."

मला त्यांचाही राग आला. आयुष्यभर ज्या कोपऱ्यात उभा राहिला, तिथेच परत जायला निघालेल्या माणसाचा राग येतो, विशेषतः आपणच त्याला तिथे पोचवलेलं असतं तेव्हा.

दिवाळीचा कार्यक्रम एका शाळेत होता. तिथे जेवणाचा हॉल आणि सभागृह एकच: एका टोकाला रंगमंच, मध्ये खुर्च्या, दुसऱ्या टोकाला जेवणाची टेबलं. कार्यक्रम दीड तास लांबला. मुलं भुकेने रडायला लागली तेव्हा परीक्षितने जेवणाच्या रांगा मध्येच सुरू करायला सांगितलं. त्यामुळे गेनझो आला तेव्हा निम्मी माणसं पाठ फिरवून पुऱ्यांसाठी उभी होती.

परीक्षित चिलखतात दिसत होता छान, हे कबूल. फोमचं, काळं-लाल, पाठीवर निशाणाची काठी. त्या काठीला मंडळाचं नवं बोधचिन्ह. मी लाइट्सच्या पॅनलपाशी बसून ते बघितलं आणि डोळे मिटून घेतले. समोरच्या विंगेत काका होते, स्वेटर, मफलर, नाकावर चष्मा, हातात संहिता.

सुरुवात बरी गेली. चौथ्या धन्याचा प्रश्न मी माइकवरून वाचला. परीक्षित रुबाबात मागे वळला, हात वर केला आणि थांबला. आम्हाला वाटलं अभिनय. तो थांबूनच राहिला. घामाचा एक थेंब हनुवटीवरून चिलखतावर पडलेला मला दिसला. त्याने डोळ्यांच्या कोपऱ्यातून विंगेकडे पाहिलं.

काकांचे ओठ हलले.

"कृष्णा!" परीक्षित गरजला.

मी पॅनलवरचा हात काढला. संहितेत तिथे तोसाकु होता. समोर कोणी तरी खुदकन हसलं. परीक्षितच्या कपाळाला आठी पडली, आपण काय बोललो ते त्याला बहुधा अर्धवट कळलं असावं.

आणि हॉलच्या मागून, जेवणाच्या रांगेतून, गॅरेजचं दार थरथरवणारा तो आवाज आला. "आहे!"

सगळ्यांनी माना वळवल्या. कृष्णा हातात कागदी ताटली घेऊन उभा होता, आपण का ओरडलो ते स्वतःलाच न कळल्यासारखा. तीन महिने त्याने एकच काम केलं होतं: नाव ऐकलं की ओरडायचं.

परीक्षितला आता थांबता येईना. स्टेजवर अडकलेल्या माणसाला विंगेतून जे येईल ते घ्यावंच लागतं, आणि काका एका तालात, घाई न करता देत होते.

"मिहीर!"

"आहे!" खुर्च्यांमधून.

"नैना!"

"आहे!" तिच्या कडेवर बाळ होतं, ते दचकून रडायला लागलं.

"सुलेखा!"

सुलेखा वाढायला उभी होती. तिने डाव खाली ठेवला. "आहे," म्हणाली, फार मोठ्याने नाही, पण तोवर हॉल इतका शांत झाला होता की ऐकू गेलं. रांगेतली माणसं रंगमंचाकडे वळून उभी होती. कोणी पुढे सरकत नव्हतं.

मला माहीत होतं आता कोणतं नाव येणार. मी मनात म्हणत होते, काका, नका घेऊ.

"ऋषी!"

कोणी बोललं नाही.

सुलेखाने मान खाली घातली. ऋषी आला नव्हता. तो शहरात कुठे तरी ॲम्ब्युलन्सच्या मागच्या भागात असेल, नाही तर घरी असेल. मला माहीत नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं. प्रॉम्प्टरचा नियम असा की उत्तर आलं नाही तर नाव पुन्हा द्यायचं. काकांनी पुन्हा दिलं.

"ऋषी!" परीक्षितचा आवाज चिरका झाला. तो चिलखतातला मोठा माणूस आता प्रेक्षकांकडे वळून अंधारात कोणाला तरी शोधत होता, आणि या वेळी तो अभिनय नव्हता. नाटक पडायला लागलं की एक शांतता पसरते, खोकलेही थांबतात, ती पसरली. मला कळेना दिवे घालवू की ठेवू. पाच माणसांतला एक माणूस मी तीन इमोजी घालून घालवला होता, आणि आता अडीचशे लोक त्याच्यासाठी खोळंबले होते.

विंगेतले काका हलले.

त्यांनी संहिता मिटली, बगलेत धरली, चष्मा काढून स्वेटरच्या खिशात ठेवला. आणि चालत बाहेर आले. स्वेटर, मफलर, पायांत मुलाचे मोठे होणारे बूट. परीक्षितच्या शेजारून पुढे गेले, अगदी कडेपर्यंत, जिथे दिव्याचा झोत पडतो तिथे, आणि उभे राहिले. दोन्ही हात सरळ खाली सोडले, ऋषी तालमीत सोडायचा तसे.

"आहे!" ते म्हणाले.

एवढंच. त्यांच्या रंगमंचावरच्या आयुष्यातलं पहिलं वाक्य, एका शब्दाचं, आणि तेही दुसऱ्याचं.

परीक्षितचं एक वाक्य उरलं होतं, धनी बदलले, माणसं नाही, ते. त्याला ते आठवेना. सांगायला मागे कोणी नव्हतं. तो काकांकडे बघत राहिला, काका समोर बघत राहिले, आणि मी दिवे घालवले.

टाळ्या पडल्या. नंतर परीक्षित मला म्हणाला की लोकांना इंटरॲक्टिव्ह फॉरमॅट आवडला, पुढच्या वर्षी अजून करू. मी त्याच्या हातात निळा टी-शर्ट ठेवला. त्याला वाटलं साइज बदलून हवी आहे.

काकांना घरी सोडायचं होतं. पार्किंगमध्ये थंडी होती. ते मफलर कानांवर ओढून गाडीच्या दाराशी उभे होते. मला त्यांना खूप काही म्हणायचं होतं, शेवटी विचारलं एवढंच, "काका, कसे दिसतात मग लोक तिथून?"

"काहीच दिसत नाही न," ते म्हणाले. त्यांना त्याचं भारी नवल वाटलेलं दिसत होतं. "दिवा डोळ्यांवर येतो. नुसता अंधार समोर. म्हणून तर नाव घ्यावं लागतं, शैलजा."

मग त्यांनी दार उघडलं, आत बसले आणि म्हणाले, "ऋषीला फोन कर. मेसेज नको."